शंभर टक्के पैसा संशोधनाला? स्वादुपिंडाचा कर्करोग आणि देणगीचं गणित

पेपर वाचायला आपण सगळे साधारण एकाच क्रमाने शिकतो. आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या, मग डिस्कशन, आणि जर्नल क्लब अगदी उद्यावर आला असेल तर नाइलाजाने मेथड्स. पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो: अमुक संस्थेच्या ग्रँटमधून हे काम झालं, तमुक फाउंडेशनचे आभार. तो वाचायला कुणी सांगत नाही, म्हणून कुणी वाचतही नाही.

आज त्याच परिच्छेदाबद्दल बोलायचं आहे. पैसा कुणी दिला हे कळलं की कोणता प्रश्न विचारला गेला, तो किती वर्षं विचारू दिला आणि उत्तर ‘नाही’ आलं तेव्हा पुढे काय झालं, हेही बरंचसं कळतं. तुम्ही नेट किंवा पेट देत असाल, गाईड शोधत असाल, तर ही ओळ वाचायची सवय आत्तापासून लावून घ्या.

उदाहरण घेऊया स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. मराठी घरांमध्ये या रोगाचं नाव जास्त ऐकू आलं ते मनोहर पर्रीकरांच्या आजारपणात. मार्च २०१९ मध्ये ते गेले. पण या रोगावरच्या देणगीची गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. तिथे दोन मोठ्या संस्था गेली पंचवीसेक वर्षं फक्त या एका रोगासाठी पैसा उभा करतायत. पहिली लस्टगार्टन फाउंडेशन (१९९८), दुसरी पॅनक्रिएटिक कॅन्सर अ‍ॅक्शन नेटवर्क, म्हणजे ‘पॅनकॅन’ (१९९९). दोघींचं काम मोठं आहे. म्हणूनच त्यांच्याकडे चिकित्सक नजरेने बघायला हवं. वाईट संस्थेवर टीका करून आपण फार काही शिकत नाही.

देणगी का लागली?

स्वादुपिंड जठराच्या मागे, खोलवर बसलेलं असतं. गाठ लहान असताना ती ना हाताला लागते ना दुखते. कावीळ, वजन घटणं, पाठीत कळ येणं सुरू होतं तोवर बहुतेकांमध्ये रोग पसरलेला असतो. निदान होतं त्या वेळी शस्त्रक्रिया करण्यासारखे रुग्ण साधारण १५ ते २० टक्केच निघतात.

औषधांची स्थिती काय होती ते एका आकड्यावरून बघा. जेमसिटाबिन या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यात रुग्ण जगण्याचा मध्यक जुन्या औषधाने ४.४१ महिने होता आणि नव्याने ५.६५ महिने. म्हणजे साधारण पाच आठवड्यांचा फरक. तेव्हा हीच प्रगती होती, आणि पुढची बरीच वर्षं हेच मुख्य औषध राहिलं.

आता यातली एक सामाजिक बाजू लक्षात घ्या. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायका लाखोंच्या संख्येने आहेत. त्या मोर्चे काढतात, खासदारांना भेटतात, निधी गोळा करतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात बोलायला उरतंच कोण? उरतात ते नातेवाईक. पॅनकॅन सुरू केली ती आई गमावलेल्या एका मुलीने. लस्टगार्टन फाउंडेशन उभी राहिली ती केबलव्हिजन या कंपनीचे उपाध्यक्ष मार्क लस्टगार्टन यांना हा रोग झाल्यावर. ते १९९९ मध्ये गेले, संस्था राहिली.

सरकारी पैसा बऱ्याच अंशी आधी झालेल्या कामाच्या मागे जातो. एखाद्या विषयात लॅब जास्त असतील तर अर्ज जास्त, अर्ज जास्त तर ग्रँट जास्त. या रोगात लॅबच कमी होत्या. खाजगी कंपन्यांचं म्हणाल तर रुग्ण तुलनेने कमी, त्यात ते चाचणी संपेपर्यंत टिकत नाहीत. मग देणगी आली ती या रिकाम्या जागेत. इथवर कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

‘शंभर टक्के’ या शब्दांत काय दडलंय?

लस्टगार्टन फाउंडेशन देणगीदारांना सांगते की तुमच्या देणगीतला शंभर टक्के पैसा संशोधनाला जातो. हे खोटं नाही. ऑफिसचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च वेगळ्या खाजगी निधीतून होतो. सुरुवातीची बरीच वर्षं तो केबलव्हिजनने उचलला. त्यामुळे सामान्य माणसाने दिलेला डॉलर थेट ग्रँटमध्ये जातो, हे हिशेबाने बरोबर आहे.

अडचण वाक्यात नाही, त्यातून वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र तयार होतं त्यात आहे. जणू ‘संशोधन’ वेगळं आणि ‘खर्च’ वेगळा. पहिलं पवित्र, दुसरी उधळपट्टी.

लॅबमध्ये एक महिना काढलेल्या कुणालाही विचारा. उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर मे महिन्यात बंद पडला तर दुरुस्ती कोणत्या ग्रँटमधून करायची? अ‍ॅनिमल हाउसमध्ये रविवारी उंदरांना पाणी बदलणाऱ्या माणसाचा पगार संशोधन आहे की खर्च? एथिक्स कमिटीचं काम, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, जनरेटरचं डिझेल, लायब्ररीची वर्गणी? यातलं काहीही कुठल्या आकृतीत दिसत नाही, आणि यातलं काहीही नसेल तर एकही आकृती तयार होत नाही.

याच रोगातलं एक उदाहरण देतो. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाचा एक पेपर आला. सात रुग्णांच्या गाठींमधली म्युटेशन्स तपासून त्यांनी रोगाचं वेळापत्रक मांडलं: पहिल्या म्युटेशनपासून मूळ गाठीची पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षं, तिथून पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान पाच, आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षांत जातो. ‘हा रोग विजेसारखा येतो’ ही समजूत या पेपरने बदलली. लवकर निदानासाठी काही वर्षांची खिडकी आहे हे त्यातून कळलं.

हे नमुने आले कुठून? तिथे रुग्णांनी हयातीत संमती द्यायची आणि मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदन करायचं, असा एक उपक्रम चालायचा. मृत्यू वेळ बघून येत नाही. म्हणजे रात्री-अपरात्री येणारा पॅथॉलॉजिस्ट हवा, तंत्रज्ञ हवा, नातेवाइकांशी बोलणारं माणूस हवं, नमुने वर्षानुवर्षं सांभाळणारे फ्रीझर हवेत. हिशेबाच्या वहीत हे सगळं बरचसं ‘खर्च’ या रकान्यात बसतं. खरं तर तो पेपरच या रकान्यावर उभा आहे.

अमेरिकेत विद्यापीठांना सरकारी ग्रँटबरोबर अशा पायाभूत खर्चासाठी वेगळी टक्केवारी मिळते. मोठ्या संस्थांमध्ये ती ५० टक्क्यांच्या वरही असते. फाउंडेशन्स मात्र बहुधा १०-१५ टक्क्यांवर थांबतात, काही तर काहीच देत नाहीत. त्यांचं काम निभतं कारण इमारत, फ्रीझर, कमिट्या आधीच सरकारी पैशाने उभ्या असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, ही टक्केवारी सरसकट १५ वर आणायचा आदेश काढला. त्याचं एक समर्थन काय होतं? खाजगी फाउंडेशन्स तरी कुठे जास्त देतात! न्यायालयाने तो आदेश अडवला. पण युक्तिवाद नीट बघा. देणगीदारांना आवडावं म्हणून वर्षानुवर्षं जे वाक्य म्हटलं गेलं, तेच उलटून सार्वजनिक पैसा कापायच्या कामी आलं. कुठल्याही एका फाउंडेशनचा तो हेतू नव्हता. तरीही ‘खर्च म्हणजे वाया’ ही समजूत पसरवण्यातला त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

देणगीने खरोखर काय साधलं?

आता दुसरी बाजू. तुलना करायला आकार लक्षात ठेवा: अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं, एनसीआयचं, एका वर्षाचं बजेट सुमारे ७०० कोटी डॉलर असतं. त्यापुढे एका रोगाच्या फाउंडेशनचा पैसा फार छोटा. म्हणून ‘किती दिले?’ हा प्रश्न मला कमी महत्त्वाचा वाटतो. ‘दुसरं कुणी देत नव्हतं अशा कुठल्या कामाला दिले?’ हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर तीन कामं उतरतात.

पहिलं, सगळ्यांना वापरता येईल असा पाया. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये २४ गाठींमधली २० हजारांहून जास्त जनुकं वाचलेला पेपर आला. प्रत्येक गाठीत सरासरी ६३ जनुकीय बदल सापडले, आणि ते फिरून फिरून १२ मुख्य मार्गांवर येतात असं दिसलं. आभारात एनआयएचबरोबर लस्टगार्टनचं नाव आहे. पुढे २०१५ मध्ये डेव्हिड टुव्हेसन आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटांनी रुग्णाच्या गाठीतून ताटलीत वाढवता येतील असे ऑर्गनॉइड तयार केले. टुव्हेसन यांची कोल्ड स्प्रिंग हार्बरची लॅब लस्टगार्टनच्याच पैशाने चालते. अशा साधनांचा फायदा ज्याला ग्रँट मिळाली त्याच्यापुरता राहत नाही, म्हणून देणगीचा हा उपयोग मला सगळ्यांत चांगला वाटतो.

दुसरं, ज्यात कुणाचा नफा नाही अशा चाचण्या. याचं उत्तम उदाहरण ब्रिटनचं आहे. ‘एस्पॅक’ नावाच्या चाचण्यांच्या मालिकेने शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी का, कोणती द्यावी, हे पायरी पायरीने ठरवलं. २०१७ मध्ये आलेल्या एस्पॅक-४ मध्ये ७३० रुग्ण होते. जेमसिटाबिनच्या जोडीला केपसिटाबिन दिल्यावर जगण्याचा मध्यक २५.५ महिन्यांवरून २८ महिन्यांवर गेला. दोन्ही जुनी औषधं, कुठल्याही कंपनीला यात मोठी कमाई नव्हती. पैसा होता कॅन्सर रिसर्च यूकेचा, म्हणजे लोकवर्गणीवर चालणाऱ्या धर्मादाय संस्थेचा. याच्या शेजारी फ्रान्सची २०११ ची चाचणी ठेवा. बाजारात असलेलीच चार औषधं एकत्र करून ‘फॉल्फिरिनॉक्स’ तयार झालं, आणि पसरलेल्या रोगात मध्यक ६.८ महिन्यांवरून ११.१ वर गेला. तिथे मुख्य पैसा फ्रेंच सरकारचा होता. रुग्णाला प्रत्यक्ष महिने मिळवून देणारी ही दोन मोठी कामं. एकात देणगी, दुसऱ्यात कर. दोन्हीत ‘चमत्कार’ नाही.

तिसरं काम तुम्हाला कदाचित संशोधन वाटणारच नाही: सरकारकडे पाठपुरावा. पॅनकॅनने वर्षानुवर्षं स्वयंसेवकांना घेऊन अमेरिकन संसदेचे उंबरठे झिजवले. जानेवारी २०१३ मध्ये ओबामांच्या सहीने कायदा झाला, आणि ज्या कर्करोगांत जगण्याचं प्रमाण फारच कमी आहे त्यांच्यासाठी लेखी आराखडा करणं एनसीआयला बंधनकारक झालं. २०१४ मध्ये आलेल्या आराखड्यात चार दिशा होत्या: नव्याने उद्भवलेला मधुमेह आणि हा कर्करोग यांचं नातं, लवकर निदानाच्या खुणा, प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार, आणि ‘रास’ जनुकांवरची औषधं. स्वादुपिंडाच्या ९० टक्क्यांहून जास्त गाठींमध्ये ‘के-रास’ बिघडलेलं असतं आणि कित्येक दशकं ते ‘औषधाच्या आवाक्याबाहेरचं’ मानलं जायचं. आज के-रासवर थेट काम करणारी औषधं या रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. सगळं श्रेय त्या कायद्याला देता येणार नाही. पण छोट्या पैशाने मोठ्या पैशाची दिशा थोडी वळवता येते, हे मात्र दिसतं. आणि गंमत बघा: शंभर टक्क्यांच्या हिशेबात हा पाठपुरावा ‘संशोधन’ नव्हे, ‘खर्च’ म्हणून धरला जाईल.

फसलेल्या कल्पनेचं बिल कोण भरतं?

या रोगाचा अभ्यास करायचा असेल तर स्ट्रोमाची गोष्ट माहीत हवीच. स्वादुपिंडाच्या गाठीत कर्करोगाच्या पेशींपेक्षा भोवतालचा तंतुमय भाग, म्हणजे स्ट्रोमा, कितीतरी जास्त असतो. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये उंदरांवरचा एक सुंदर पेपर आला. ‘हेजहॉग’ हा संदेशमार्ग अडवला की स्ट्रोमा विरळ होतो, औषध आत पोचतं आणि उंदीर जास्त जगतात. कल्पना इतकी नीटनेटकी की पटलीच पाहिजे: भिंत पाडा, सैन्य आत जाईल.

२०१२ च्या जानेवारीत याच तत्त्वावरच्या औषधाची रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली. औषध घेणारे रुग्ण प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा लवकर जात होते. २०१४ मध्ये ‘कॅन्सर सेल’मध्ये दोन पेपर आले आणि कोडं थोडं उलगडलं: स्ट्रोमा काही अंशी गाठीला आवरूनही धरतो, तो काढला तर उंदरांमध्ये रोग आणखी आक्रमक होतो. त्यानंतरही स्ट्रोमातलं हायल्युरॉनन विरघळवणाऱ्या दुसऱ्या औषधावर काम चालू राहिलं आणि २०१९ मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी अपयशी ठरली. दहा वर्षं.

यात कुणा फाउंडेशनचा दोष आहे असं मी म्हणत नाही. विज्ञान असंच चालतं. माझा प्रश्न वेगळा आहे. २००९ च्या पेपरसारख्या बातमीवर देणगी गोळा करणं सोपं असतं. ‘तो उपाय का फसला ते शोधायला पैसे द्या’ असं आवाहन केलं तर कोण देईल? आणि तुम्हाला पुढे पाच वर्षं ज्यावर काम करायचंय तो बऱ्याचदा हाच, फसल्यानंतरचा प्रश्न असतो.

म्हणून मला पॅनकॅनच्या ‘प्रिसिजन प्रॉमिस’ या चाचणीचं कौतुक वाटतं. कौतुक यश मिळालं म्हणून नाही. नेहमी प्रत्येक औषधाची वेगळी चाचणी होते, प्रत्येकीत तुलनेसाठी वेगळा गट लागतो. इथे एकच सामायिक तुलना-गट, त्याच्याशी एकामागून एक औषधं ताडून बघायची, चालत नसेल ते लवकर बाहेर काढायचं. २०१६ मध्ये घोषणा झाली, पहिला रुग्ण दाखल झाला २०२० मध्ये. एसएम-८८ हे पहिलं औषध २०२२ च्या सुरुवातीला बाद झालं. पॅमरेव्हलुमॅब २०२४ मध्ये अपयशी ठरलं. वर्तमानपत्राच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही वेळा ‘निराशा’. पण ‘नाही’ हे उत्तर कमी रुग्णांना वेठीला धरून, उघडपणे मिळवणं हेही उत्तरच आहे. देणगीच्या पैशाने अपयशाचा खर्च कमी केला. हे जाहिरातीत नीट सांगता येत नाही, तरी या संस्थेच्या कामातलं ते मला वरच्या दर्जाचं वाटतं.

दुप्पट करण्याचं ध्येय

आता ज्या जागी माझी टीका सगळ्यांत ठाम आहे तिथे येऊ. २०११ मध्ये पॅनकॅनने जाहीर ध्येय ठेवलं: २०२० पर्यंत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट करायचं, म्हणजे ६ टक्क्यांवरून १२. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता १० टक्के. २०२३ मध्ये १२ आला, २०२४ मध्ये १३. नवं ध्येय आहे २०३० पर्यंत २० टक्के.

ऐकायला छान. आता परीक्षेत प्रश्न आलाय असं समजून हा आकडा सोडवा.

पहिलं, हा आकडा कुणाचा? पाच वर्षं जगले का हे बघायला पाच वर्षं जावी लागतात, आणि वर नोंदी जमायला वेळ. २०२० मध्ये छापलेल्या आकड्यातले रुग्ण २००९ ते २०१५ या काळात निदान झालेले होते. म्हणजे त्यातल्या काहींचं निदान ध्येय जाहीर होण्याच्याही आधीचं! २०११ नंतर दिलेल्या ग्रँटमधून पेपर, पेपरमधून चाचणी, चाचणीतून औषध, हे सगळं या आकड्यात उतरायला वेळच नव्हता.

दुसरं, यात कोणकोणते रोग मोजले? स्वादुपिंडाच्या गाठी एका जातीच्या नसतात. बहुसंख्य अ‍ॅडिनोकार्सिनोमा, तोच जीवघेणा. दहातल्या एकापेक्षा कमी न्यूरोएंडोक्राइन. स्टीव्ह जॉब्सना झाला होता तो. यात रुग्ण पुष्कळ जास्त जगतात. सीटी स्कॅन वाढले तशा अशा लहान गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये जास्त सापडू लागल्या. एकत्र आकड्यात त्यांचा वाटा वाढला की उपचारात काही न बदलताही टक्केवारी वर सरकते. फक्त अ‍ॅडिनोकार्सिनोमा घेतला तर प्रमाण १३ पेक्षा बरंच खाली राहतं.

तिसरं, लवकर सापडणं आणि जास्त जगणं यांत फरक आहे. एखादा माणूस २०३० मध्येच जाणार असेल आणि निदान २०२९ ऐवजी २०२४ मध्ये झालं, तर तो ‘पाच वर्षं जगला’. आयुष्य एक दिवसही वाढलं नाही. याला लीड-टाइम बायस म्हणतात. बायोस्टॅटिस्टिक्सच्या पेपरात हमखास येतो.

याचा अर्थ सुधारणा खोटी, असं नाही. फॉल्फिरिनॉक्सने आणि चांगल्या शस्त्रक्रियेने माणसं खरंच जास्त जगतायत. पण २०२५ साठी अमेरिकेतला अंदाज होता सुमारे ६७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ५२ हजार मृत्यू. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘दुप्पट’ या शब्दाची झिंग उतरते. ध्येय ठेवायचंच होतं तर मृत्युदराचं, किंवा फक्त अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या जगण्याचं ठेवता आलं असतं. आकडा हळू हलला असता, पण जो हलला असता तो खरा असता. देणगी देणारी बहुतेक माणसं शोकातून देतात. त्यांना सोपा आकडा देणं समजू शकतो. पण ज्यांनी जवळचं माणूस गमावलंय त्यांना अवघड आकडाही पेलतो, असं मला वाटतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

शोकातून उभी राहिलेली संस्था आपल्यालाही नवी नाही. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट झाला, आणि १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. देणगीने सुरुवात केली, रोजचा खर्च सरकारने उचलला, म्हणून ते टिकलं आणि वाढलं. इथे देणगीने बांधली ती इमारत आणि व्यवस्था, म्हणजे नेमका तो ‘खर्च’.

आज आपल्याकडे वारं उलट दिशेने वाहतंय. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी अशी घोषणा झाली, त्यातले सुमारे ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार अशा सरकारबाहेरच्या स्रोतांकडून अपेक्षित धरले होते. देणगी यावी, जरूर यावी. पण वरची सगळी गोष्ट वाचल्यावर एवढं तरी विचारायला हवं: देणगीदार आपल्या घरात आलेला रोग निवडतो, ते स्वाभाविक आहे. मग ज्या रोगाचे रुग्ण तंबाखू खाणारे, बिगारी काम करणारे आहेत, त्या तोंडाच्या कर्करोगासाठी फाउंडेशन कोण काढणार? भारतात स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा तो कितीतरी जास्त आढळतो. कोणाचं दुःख मोठं हे ठरवायला मी हे म्हणत नाही. निवड देणगीदारावर सोडली की कोण सुटतं, ते बघायचं आहे. सुटलेल्यांची जबाबदारी सार्वजनिक पैशाचीच असते. देणगी त्याच्या वर यावी, त्याच्या जागी नको.

फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी

उद्या तुम्हाला एखाद्या फाउंडेशनच्या प्रोजेक्टवर जागा मिळाली तर आनंदाने घ्या. पण सही करण्याआधी गाईडला किंवा सीनिअरला चार गोष्टी विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

१. ग्रँट किती वर्षांची आहे? दोन वर्षांची ग्रँट आणि पाच वर्षांची पीएचडी असेल तर मधली तीन वर्षं कशावर?

२. उपकरणांची दुरुस्ती, अ‍ॅनिमल हाउस, सीक्वेन्सिंग यांचा खर्च यात धरलाय का, की तो दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टमधून ‘जुळवायचा’ आहे?

३. निकाल नकारात्मक आला तर तो छापायला मोकळीक आहे का? मागच्या ग्रँटमधून असा एखादा पेपर आलाय का, ते स्वतः शोधा.

४. तयार होणारे नमुने, सेल लाइन, डेटा कुणाचे? ते दुसऱ्या लॅबला मिळतील का?

या चार प्रश्नांची उत्तरं तुम्हाला संस्थेच्या वार्षिक अहवालापेक्षा जास्त सांगतील.

आणि आज रात्री एवढं करा. सध्या वाचत असलेला कुठलाही पेपर उघडा, थेट शेवटच्या आभाराच्या परिच्छेदावर जा. त्यात सरकारी किती, कंपनीचे किती, देणगीचे किती, ते वहीत लिहा. मग पुन्हा पहिल्या पानावर या आणि स्वतःला विचारा: हा प्रश्न यातल्या फक्त एकाच्या पैशावर विचारता आला असता का? दहा पेपरचं असं टिपण झालं की जर्नल क्लबमध्ये बोलायला तुमच्याकडे इतरांपेक्षा थोडं जास्त असेल.